लाईन आली, मेक चालू

मालेगाव म्हटलं की समोरचा विचारणारच, नाशिकचं का? तर नाही. अकोल्याहून वाशिमला जाताना लागतं ते आमचं मालेगाव. इथे कॉम्प्युटर म्हणजे बहुतेकांच्या लेखी एमएस-सीआयटीचा क्लास, सेतू केंद्रातली रांग नि सातबाऱ्याची प्रिंट. अशा गावात माझा भाचा जुन्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ सोर्स कोडपासून बिल्ड करायला बसला होता, आणि मी शेजारी खुर्ची ओढून बघत होतो.

लॅपटॉपवर उबंटू २०.०४. त्यात पायथन येतं ते ३.८. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेलं ३.१२ हवं असेल तर तयार पॅकेजही मिळवता येतं. मी तसं म्हणालो, तर उत्तर आलं, "आयतं मिळते मामा, पण आत काय हाय ते दिसत नाही ना." मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जेमतेम वीस एमबीची फाइल उतरली. एक पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा, तिच्या लायब्ररीसकट, एवढ्यात मावते. लग्नाचा व्हिडिओ याहून कितीतरी मोठा असतो.

पहिली पायरी 'कॉन्फिगर'. स्क्रीनवर ओळी धावू लागतात: सी कंपायलर आहे का, आहे, तो चालतो का, चालतो, इंट किती बाइटचा, ४, लाँग किती, ८. ही नुसती विचारपूस नव्हे. प्रत्येक प्रश्नासाठी कॉन्फिगर चार-दोन ओळींचा सी प्रोग्रॅम स्वतः लिहितं, कंपाइल करून बघतं, जमलं तर 'यस', नाही तर 'नो' म्हणतं आणि तो प्रोग्रॅम पुसून टाकतं. मशीनच्या माहितीपत्रकावर त्याचा विश्वास नाही, करून बघण्यावर आहे. या चौकशीतून शेवटी एक 'मेकफाइल' तयार होते. कोणती फाइल कशावर अवलंबून आणि कुठल्या क्रमाने काय करायचं, हे सगळं तिच्यात मांडलेलं असतं.

मग 'मेक'. हा प्रोग्रॅम १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. पंख्याचा आवाज वाढला, लॅपटॉप तापला, आणि एकेका सी फाइलची ऑब्जेक्ट फाइल होऊ लागली. लिस्ट कशी चालते ती एका फाइलमध्ये, डिक्शनरी दुसऱ्या, पूर्णांक तिसऱ्या. 'सीईव्हल' नावाच्या फाइलवर भाच्याने बोट ठेवलं. आपण लिहिलेला पायथन प्रोग्रॅम प्रत्यक्षात इथे चालतो.

गंमत पुढे आहे. पायथनच्या लायब्ररीचा मोठा भाग पायथनमध्येच लिहिलेला. साधं 'इम्पोर्ट' करणारं यंत्रही पायथनमध्येच. मग पायथन तयार व्हायच्या आधी ते चालवणार कोण? त्यासाठी मेक आधी एक तात्पुरतं, अपुरं पायथन बनवतं. 'बूटस्ट्रॅप पायथन' असंच त्याचं नाव. त्याच्याकडून पुढचं काम करून घेऊन मग खरं पायथन जोडलं जातं.

इथे लाईन गेली.

बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे लॅपटॉप चार्जरवरच चालतो. खटकन काळा झाला. मला वाटलं, गेली मेहनत. लाईन आल्यावर भाच्याने पुन्हा फक्त 'मेक' टाइप केलं, आणि जिथे थांबलं होतं तिथून काम पुढे सरकलं. मेक फाइलींच्या वेळा बघतं. ऑब्जेक्ट फाइल तिच्या सी फाइलपेक्षा नवी असेल तर हात लावत नाही, जुनी असेल किंवा नसेलच तर करायला घेतं. एवढाच नियम. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या माणसाने केलेली ही सोय आमच्या फीडरसाठीच केल्यासारखी वाटते.

पण या नियमाला दोन ठिकाणी गोम आहे, आणि दोन्ही आम्हाला दिसल्या. लाईन गेली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती, ती शून्य बाइटची उरली. आत काही नाही, पण वेळ मात्र ताजी. मेकला ती पूर्ण झालेली वाटली. सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने मात्र ती घेतली नाही. शून्य आकाराच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली शोधून पुसल्या तेव्हा गाडी पुढे गेली. दुसरी गोम घड्याळाची. मदरबोर्डवरचा गोल सेल मेलेला, नेट बंद. त्यामुळे मशीन सुरू झालं ते काही तास मागच्या वेळेवर. आधीच्या फाइली 'भविष्यातल्या' ठरल्या आणि मेकने इशारा दिला: घड्याळात फरक आहे, बिल्ड अपुरं राहू शकतं. हॉटस्पॉट जोडल्यावर वेळ जागेवर आली.

बिल्ड संपलं तरी शेवटच्या ओळी वाचायच्या असतात. बहुतेक जण इथेच उठतात. तिथे यादी होती: अमुक मॉड्यूल बनवता आली नाहीत, लागणाऱ्या लायब्ररी सापडल्या नाहीत. त्यात एसएसएल होतं. ते नसलेलं पायथन गणितं करील, पण 'पिप' नेटवरून एकही पॅकेज आणू शकणार नाही. रीडलाइन नसेल तर वरचा बाण दाबल्यावर आधीची ओळ येण्याऐवजी चित्रविचित्र चिन्हं उमटतात. भाच्याने त्या लायब्ररींची 'डेव्ह' पॅकेजेस टाकली आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात केली. नुसतं मेक पुन्हा चालवून भागत नाही, कारण काय आहे नि काय नाही याची नोंद कॉन्फिगरच्या वेळीच होते.

पायथन जीसीसी या कंपायलरने कंपाइल होतं, मग जीसीसी कशाने? त्यालाही जुना कंपायलर लागतो. जुन्याने नवा बनवायचा, त्या नव्याने स्वतःलाच पुन्हा, मग पुन्हा एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या ऑब्जेक्ट फाइली तंतोतंत जुळल्या तरच पास. याच जीसीसीच्या अंतरंगावर पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटरमार्फत कार्यशाळा घेतल्या. कंपायलर आतून उघडून शिकवणारी माणसं महाराष्ट्रात आहेत; तालुक्याच्या क्लासपर्यंत मात्र अजून 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'च पोचलं आहे, हे मला खटकतं.

'मेक टेस्ट' मी अर्धवट पाहिलं, ते फार वेळ चालतं. सगळं उरकल्यावर भाच्याने नवं पायथन उघडलं आणि 'पाऊस' नावाचं व्हेरिएबल केलं. चाललं; पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात. मग अवतरणात '१२' लिहून त्याचा इंट मागितला, तर त्याने १२ हा आकडा दिला. आमचे अंक त्याला कळतात, कारण युनिकोडचा तक्ता त्या सोर्समध्येच आहे. तो तक्ता बनवणारी स्क्रिप्टही पायथनमध्ये लिहिलेली.

करून बघणार असाल तर दोन गोष्टी. शेवटी 'मेक इन्स्टॉल' नको, 'मेक ऑल्टइन्स्टॉल' करा, म्हणजे पायथन३ या नावाखाली उबंटूचं पायथनच राहील आणि त्याच्यावर चालणारी कामं बिघडणार नाहीत. आणि मशीन जुनं असेल तर सुरुवातीलाच घड्याळाचा सेल बदलून घ्या.