कारभाराची पाळी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत ‘पाळी’ हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें आकुर्डी, भोसरी आणि चाकण येथें यंत्रांचे व मोटारींचे कारखाने उभे राहिले. आणि घरोघर जेवणाच्या व झोपेच्या वेळा पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पाळीवर बेतल्या जाऊं लागल्या. पाळी बदलतांना जाणता कामगार यंत्र तसेंच टाकून निघून जात नाहीं. कोणता भाग तापतो आहे, कोणतें काम अर्धें राहिलें आहे, हें तो येणाऱ्यास सांगतो, वहींत टिपून ठेवतो आणि मगच हात धुतो. यंत्राच्या बाबतींत जी शिस्त इतकी स्वाभाविक वाटते, ती संस्थेच्या कारभारांत मात्र क्वचितच आढळते.

उदाहरण सायकलीचें घ्यावें. युरोप-अमेरिकेंतील अनेक शहरांत सायकल दुरुस्तीच्या सार्वजनिक कार्यशाळा आहेत. लॉस एंजेलिस येथील अशा एका कार्यशाळेचा आरंभ २००२ च्या सुमारास एका स्वयंपाकघरांत झाला, म्हणून तिचें नांवही ‘बायसिकल किचन’ असेंच पडलें. अशा ठिकाणीं पाने, पंप, स्टँड हें सामान सर्वांचें असतें. ज्याची सायकल त्यानेंच ती दुरुस्त करावयाची, आणि जाणत्यानें शेजारीं उभें राहून शिकवावयाचें, अशी रीत असते. मालक कोणीच नसल्यामुळें किल्ली कोणापाशीं, पैसा कोणापाशीं, ट्यूबा व छर्रे कोणीं आणावयाचे, हे प्रश्न रोजचेच होतात. कारखान्यांच्या या पट्ट्यांत एखाद्या वस्तीनें अशी कार्यशाळा काढावयाची ठरविल्यास तिच्यापुढेंही पहिल्याच दिवशीं हेच प्रश्न उभे राहतील.

अशा वेळीं बहुधा एखादा उत्साही गृहस्थ सारें अंगावर घेतो. किल्ली त्याच्या खिशांत, हिशेब त्याच्या डोक्यांत. कांहीं दिवस सर्व सुरळीत चालतें. मग त्याची बदली होते, किंवा त्याला रात्रपाळी लागते, आणि दाराला कुलूप पडतें. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका नसली तरी तो प्रामाणिक होता हें दाखविणारा कागद कोठेंच नसतो. याहून मोठें नुकसान इतरांचें होतें. ‘आपल्याला त्यांतलें काय कळतें?’ असें म्हणण्याची त्यांना संवय जडते.

यावर उपाय म्हणजे कामें वांटून घेणें आणि तीं फिरतीं ठेवणें. महाराष्ट्रांत याचा अनुभव बचत गटांतील स्त्रियांना आहे. हे गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग नाबार्डनें १९९२ सालीं सुरू केला. गटांत साधारणतः १० ते २० सभासद असतात, आणि अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष हीं पदें ठराविक मुदतीनें फिरवावीं असा सल्ला त्यांस दिला जातो. त्यामागें केवळ मानाची समान वांटणी हा हेतु नाहीं. जिनें कधीं बँकेची पायरी चढली नव्हती, तिला पाळी आल्यावर सही करावी लागते, पासबुक वाचावें लागतें, आणि दुसरीनें लिहिलेला हिशेब तपासण्याचें धैर्य तिला त्यांतूनच येतें. पद एकीकडेच राहिलें तर पासबुकही तिच्याच कपाटांत राहतें.

परंतु सारेच कारभारी एका दिवशीं बदलले तर संस्थेची आठवणच पुसली जाते. यावरची तोड जवळच आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ सालीं झाली. महाराष्ट्रांतील अशा महापालिकांच्या कायद्याप्रमाणें स्थायी समितींत १६ सभासद असतात आणि दरवर्षीं त्यांपैकीं निम्मे निवृत्त होतात. पहिल्या वर्षीं कोणीं जावयाचें तें चिठ्ठ्या टाकून ठरतें. त्यामुळें नव्या आठांच्या शेजारीं मागील वर्ष पाहिलेले आठ नेहमींच बसलेले असतात.

हाच हिशेब सायकलींच्या कार्यशाळेसही लागू पडतो. किल्ली, पैसा, सामान आणि शिकवणी अशीं चार कामें धरलीं, तर एका वेळीं दोनच हात बदलावे. जाणाऱ्यानें महिनाभर येणाऱ्याच्या शेजारीं बसावें. पेटींतील रक्कम व कपाटांतील पाने दोघांनीं मिळून मोजावे आणि वहींत दोघांनीं सही करावी. रात्रपाळीच्या कामगाराची जबाबदारी त्याच्या सुट्टीच्या वारीं ठेवावी; नाहींतर समानतेच्या नांवाखालीं त्याच्यावरच अन्याय होईल. हिशेबास भिणाऱ्याला वगळूं नये, तर त्याला जोडीदार द्यावा.

एक गोष्ट मात्र तारखेच्या हुकमानें फिरत नाहीं, ती म्हणजे हातांतील कसब. चाकाचा आउट काढणें दिनदर्शिका पाहून कोणास येत नाहीं. तें शिकावें लागतें. म्हणून कुशल कारागिराची पाळी संपली तरी त्याचें शिकविण्याचें काम संपत नाहीं. जबाबदारी फिरवावी आणि विद्या पसरावी, अशी ही वांटणी आहे.

कार्यशाळा असो, बचत गट असो कीं वसाहतींतील वाचनालय असो, त्याच्या कारभाराची परीक्षा एकच असते. आजचा कारभारी उद्यां आला नाहीं, तर दार वेळेवर उघडेल काय? तें उघडत असेल, तर ती संस्था खरोखर सर्वांची झाली असें समजावें.