आठशे डॉलर्स आणि मिस बेकर

रक्कम लहान असली की तीतून होणारे कामही लहानच, असे आपण धरून चालतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची हकीकत वाचल्यापासून मला तसे वाटेनासे झाले आहे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कॉलेजकुमार वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना काही दिले गेले नाही, पण ते उठलेही नाहीत. दोन-अडीच महिन्यांत हे लोण कितीतरी शहरांत पसरले. मात्र एका गावच्या मुलांची दुसऱ्या गावच्या मुलांशी ओळख नव्हती. ती घालून दिली एला बेकर यांनी. मुले त्यांना ‘मिस बेकर’ म्हणत. वय ५६; मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेत त्या काम करीत. संघटनेकडून त्यांनी ८०० डॉलर्स मिळवले आणि एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुटीत, रॅले येथील शॉ विद्यापीठात परिषद भरवली. त्या स्वतः तिथेच शिकल्या होत्या.

परिषदेत वडीलधाऱ्यांचा विचार असा की मुलांनी आपल्या संघटनेची युवक शाखा व्हावे. बाईंनी साफ विरोध केला. पैसे आपण दिले म्हणून निर्णयही आपणच घ्यायचे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून मुलांची स्वतंत्र समिती निघाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्निक’ म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा बॉब मोझेस हा गणिताचा तरुण शिक्षक कामाला आला. बाईंनी त्याला व्याख्यान दिले नाही. मिसिसिपीतील भरवशाच्या माणसांची नावे दिली. त्यांत अ‍ॅम्झी मूर होते, टपालखात्यात नोकरी आणि जोडीला पेट्रोल पंप चालवणारे माजी सैनिक. त्यांनी सांगितले, इथे काउंटरवर बसून भागणार नाही, मतदारनोंदणी करा. माझ्या घरातून कॉलेजचा उंबरठा ओलांडणारा मी पहिलाच. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे सांगणारा माणूस शिष्यवृत्तीइतकाच मोलाचा असतो, हे मला निराळे शिकवायला नको.

मिसिसिपीत त्या काळी शंभर पात्र कृष्णवर्णीयांमागे सातांचीही नोंदणी नव्हती. राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ लिहून दाखवावा लागे, आणि तो बरोबर की चूक हे नोंदणी करणारा गोरा अधिकारी ठरवी. ‘स्निक’च्या कार्यकर्त्याला आठवड्याला १० डॉलर्स मिळत, कर वजा जाता ९ डॉलर्स ६४ सेंट, आणि तेही दर आठवड्याला मिळतीलच असे नाही. जेवणखाण, अंथरूण गावकऱ्यांकडे. ज्या घरात ही मुले राहत त्या घरावर गोळीबार होण्याची भीती असे. अनुदानाच्या हिशेबात हा खर्च कुठेच येत नाही.

१९६२ साली काही धर्मादाय प्रतिष्ठानांच्या पैशांतून मतदार शिक्षण प्रकल्प सुरू झाला व त्यातून या कामाला मदत मिळू लागली. १९६३ च्या अखेरीस मिसिसिपीची मदत थांबली. कारण असे की खर्च पुष्कळ आणि नोंदणी नगण्य. आकडा खरा होता. देणाऱ्यालाही कुणाला तरी हिशेब द्यायचा असतो, हे आपले एन.एस.एस.चे शिबिर ज्यांनी चालवले त्यांना ठाऊक आहे. तरी मला वाटते की मोजमापच चुकले. त्याच नोव्हेंबरात कार्यकर्त्यांनी घेतलेल्या प्रतीकात्मक मतदानात सुमारे ८०,००० कृष्णवर्णीयांनी मते टाकली. ती सरकारी यादीत कशी दिसणार? १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर १९६७ पर्यंत मिसिसिपीतील त्यांची नोंदणी ६० टक्क्यांच्या घरात गेली. कायदा दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीत झाला हे खरे, पण यादीत नाव घालायला घराबाहेर पडण्याचे धैर्य गावातच तयार झाले होते.

आणखी एक गोष्ट. अलाबामातील लाउन्स परगण्यात ‘स्निक’च्या तरुणांच्या मदतीने स्थानिक लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. आपल्याकडल्यासारखेच तिथेही निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागे. त्यांनी काळा चित्ता घेतला. १९६६ साली ओकलंडच्या तरुणांनी त्यावरून आपल्या पक्षाचे नाव ‘ब्लॅक पँथर’ ठेवले, आणि १९७२ साली मुंबईत त्यावरून ‘दलित पँथर’ हे नाव आले.