बर्फाच्या शहरातला पहिला हिवाळा: कोंडून घेऊ नका, तयारीने बाहेर पडा

मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी कॅनडात, अमेरिकेत किंवा युरोपात गेली आणि आता आई-वडील सहा महिन्यांसाठी निघाले, असे रुग्ण गिरड-समुद्रपूरसारख्या भागातल्या दवाखान्यातही आता येतात. जाण्याआधी बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला येतात आणि परत आल्यावर गुडघे दाखवायला. अशाच परतून आलेल्या एक काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, चार महिने खिडकीतूनच पाह्यलं जी बर्फ." वजन सहा किलोने वाढलेले, झोप बिघडलेली, गुडघे आखडलेले. थंडीने त्यांना काहीही केले नव्हते. जे झाले ते चार महिने घरात बसल्याने झाले होते.

म्हणून हा लेख. बर्फाळ शहरात पहिला हिवाळा घालवणाऱ्यांनी, मग ते नोकरदार तरुण असोत की त्यांचे आई-वडील, रोज थोडा वेळ बाहेर पडावे आणि त्या ऋतूची मजा घ्यावी, असेच मी सांगतो. त्यासाठी काय तयारी लागते आणि कुठे खरोखर सांभाळायचे, ते पाहू. उदाहरण म्हणून टोरांटो घेऊ, कारण तिथे आपली माणसे पुष्कळ आहेत.

आपली थंडी आणि त्यांची थंडी

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला, तेव्हा पूर्ण विदर्भ कुडकुडला होता. टोरांटोत जानेवारीत दुपारचे तापमान शून्याच्या आसपास आणि रात्रीचे उणे ७-८ असते. काही दिवस ते उणे २० पर्यंतही जाते. पण एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे थंडी घरात असते. दारे-खिडक्या फटीच्या, फरशी गार, आंघोळीचे पाणी तापवावे लागते. तिथे घर, बस, दुकान सगळे तापवलेले असते, घरात २०-२२ अंश. थंडी लागते ती दोन दारांच्या मधल्या अंतरात. त्या अंतरासाठी नीट कपडे केले की निम्मी भीती जाते.

थंडी लागताच शरीर आधी हातापायांच्या, नाकाच्या, कानांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळते. गरम रक्त हृदय, मेंदू, यकृत यांच्यासाठी राखून ठेवते. म्हणूनच बोटे आधी गार पडतात आणि म्हणूनच हिवाळ्यात बीपी थोडे वाढते. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, त्यालाच आपण कुडकुडणे म्हणतो. काही आठवडे रोज बाहेर गेल्यावर शरीराला थोडी सवयही होते. पहिल्या आठवड्यात असह्य वाटलेली थंडी महिन्याभराने तितकी बोचत नाही.

कपडे: जाड एकापेक्षा पातळ तीन

आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे आत सुती बनियन आणि वर दोन स्वेटर. सुती कापड घाम पिऊन ओले राहते आणि ओला कपडा अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल हवा. त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट. थरांच्या मधली हवाच खरी रजई असते. दुकानात शिरल्यावर वरचा थर काढा, नाहीतर आत घाम येईल आणि बाहेर आल्यावर तोच गार पडेल.

बोटे वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात. पायात दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. रक्त अडले की पाय आणखी गार पडतात. बूट अर्धा नंबर मोठे, पाणी न शिरणारे आणि खाली खोल नक्षीचे घ्या. माकडटोपी हवी तर खुशाल न्या, तिच्यात कान झाकतात! थर्मल आणि स्वेटर इथून घेतले तरी चालतात. मोठे जॅकेट आणि बूट मात्र तिथेच घ्या. आपल्या बाजारातले जॅकेट त्या थंडीसाठी बनवलेले नसते. साडी नेसणाऱ्या बायांनी आतून थर्मल पायजमा घालावा. बाहेर जाताना मात्र साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी, कारण ओला काठ पायात येऊन पडायला होते.

तापमानासोबत वारा पाहा

तिथल्या हवामान अंदाजात 'विंड चिल' असा एक आकडा असतो. वारा धरून कातडीला किती थंडी जाणवेल, ते तो सांगतो. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर विंड चिल सुमारे उणे २० होतो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या मार्गदर्शनानुसार हा आकडा उणे २७ पर्यंत असेल तर नीट कपडे केलेल्या माणसाला हिमदंशाचा धोका कमी असतो. उणे २८ ते उणे ३९ मध्ये उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते आणि उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. टोरांटोच्या हिवाळ्यातले बहुतेक दिवस पहिल्या गटात मोडतात. म्हणजे बहुतेक दिवस तुम्ही बाहेर जाऊ शकता.

मग जा. ताज्या पडलेल्या बर्फावर दुपारी अर्धा तास चाला. नातवंडांबरोबर बर्फाचा माणूस करा. त्यांना घसरगाडीवर बसवा आणि वाकून ढकलायचे काम त्यांच्या बाबांकडे द्या. महापालिकेसमोरच्या नेथन फिलिप्स चौकात बर्फावर स्केटिंग चालते. ते नुसते पाहत उभे राहायलाही मजा येते. ऊन पडले तर काळा चष्मा लावा, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि डोळे चुरचुरतात. वादळाच्या दिवशी मॉलमध्ये चाला. टोरांटोच्या मध्यभागी जमिनीखालून ३० किलोमीटरच्या आसपास पायवाटांचे जाळे आहे. अंगणात फेऱ्या मारायची सवय असलेल्या माणसाला ते पुरून उरते.

उजेड कमी झाला की मन उतरते

२१ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस पावणेअकरा तासांहून थोडा मोठा असतो. टोरांटोत तो जेमतेम नऊ तासांचा. पावणेपाचला अंधार! काहींना यामुळे दर हिवाळ्यात उदासी येते, झोप वाढते, गोडधोड खावेसे वाटते, कशातच मन लागत नाही. १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले. हा आळस नाही आणि 'घरची आठवण येते, होईल बरे' म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. सकाळी बाहेर पडणे हा पहिला उपाय. आभाळ भरलेले असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याने भागले नाही तर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार असतो. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच करावा. उदासी दोन आठवडे टिकली किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर थांबू नका, डॉक्टरांना भेटा.

ड जीवनसत्त्वाचे गणित मात्र उन्हात बसून सुटत नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात केलेल्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही असे दिसले. टोरांटो तर बोस्टनच्याही थोडे उत्तरेला आहे. शिवाय आपल्या सावळ्या कातडीला ते तयार करायला जास्त ऊन लागते. तिथल्या दुधात हे जीवनसत्त्व घातलेले असते, पण ५० वर्षांपुढच्यांनी रोज ४०० युनिटची गोळीही घ्यावी असा कॅनडाच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी रोज घ्यायची नसते. ती ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा आणि डॉक्टरांनी लिहून दिली तरच. रोज घेऊन रक्तातले कॅल्शियम वाढवून घेतलेले लोक असतात.

इथे मात्र जपा

अंगणातला बर्फ फावड्याने काढणे हलके काम वाटते, पण ते नाही. हातांनी जोर लावणे, श्वास रोखणे आणि गार हवेने रक्तवाहिन्या आवळणे हे तिन्ही एकदम होते आणि हृदयावर ताण येतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला २०१७ चा एक मोठा अभ्यास आहे. २० सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने भरती होण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आणि मृत्यूची सुमारे ३४ टक्के वाढलेली दिसली. अँजिओप्लास्टी झालेल्या, बीपी-शुगर असलेल्या किंवा पन्नाशीनंतर व्यायाम नसलेल्या माणसाने फावडे हातात घेऊ नये. 'पोरगा एकटा काढतो, बरे दिसत नाही' हे कारण पुरेसे नाही. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर काम सोडा आणि ९११ ला फोन करा.

बर्फापेक्षा वितळून पुन्हा गोठलेला पारदर्शक थर जास्त घातक, कारण तो दिसत नाही. छोटी पावले टाका, पूर्ण पाऊल टेकवा, हात खिशाबाहेर ठेवा. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर पुढचे वर्ष त्यातच जाते.

बंद घरात शेगडी पेटवून शेकायची आपली सवय तिथे जीवघेणी ठरू शकते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फात अडकलेली गाडी चालू ठेवून आत बसण्याआधीही धूर निघायची नळी बर्फाने बुजली नाही ना, ते पाहावे.

बोट, नाक किंवा कान आधी दुखून मग बधिर झाले तर तो हिमदंश असू शकतो. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. फिकट, राखाडी, मेणासारखी कडक जागा शोधा. ती चोळू नका, आगीजवळ किंवा हीटरवर धरू नका. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. घरात येऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. माणूस बरळायला लागला, अडखळायला लागला किंवा कुडकुडणेच थांबले तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेलेले असू शकते. तेव्हाही ९११.

ज्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना भेटावे

आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून ते आधी. 'एसएस' आजार असलेल्यांना गार हवा आणि कमी पाणी यामुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. हायड्रॉक्सियुरिया बंद करू नका, तहान नसली तरी पाणी प्या, इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट जवळ ठेवा. 'एएस' म्हणजे वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही.

मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर थंडीही कळत नाही आणि गरम पाण्याच्या पिशवीचा चटकाही. पाय रोज पाहा. इन्सुलिन बाहेर नेताना आतल्या खिशात ठेवा. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही. दमा असलेल्यांनी नाका-तोंडावर मफलर घ्यावा आणि पंप जवळ ठेवावा. बीपीच्या रुग्णांनी घरी मशीनवर मोजत राहावे. तापवलेल्या घरातली हवा कोरडी असते. नाकातून रक्त, अंगाला खाज, फुटलेल्या टाचा अशा तक्रारी त्यातूनच येतात. आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने करा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. फ्लूची लस हिवाळ्याआधी घ्या. न्यूमोनियाच्या लसीबद्दल पासष्टीपुढच्यांनी विचारावे.

गोळ्या मूळ पाकिटात न्या आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिथे चालत नाहीत. आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसाला किमान एक वर्षाचा, एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. तो घेताना जुने आजार लपवू नका, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जातो. ओंटारियो प्रांतात साध्या शंकेसाठी ८११ वर फोन करून नर्सशी बोलता येते. हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, कारण दुपारी घरात तुम्ही दोघेच असता.