शिडाच्या फळीवर मॉरिशस

गेल्या महिन्यात एका रविवारी माझी पुतणी घरी आली, ती मॉरिशसचा नकाशा घेऊनच. ती परिचारिका आहे, तिचा नवरा कारखान्यात फिटर आहे आणि मुलगा आठवीत शिकतो. तीन वर्षे दोघांनी दर महिन्याला आवर्ती ठेवीत पैसे टाकले. आता त्यांना दहा दिवसांची सुट्टी घ्यायची आहे आणि त्या सुट्टीत विंडसर्फिंग शिकायचे आहे. सोबत तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनाही न्यायचे आहे.

दादा तीस वर्षे मुंबईच्या गोदीत होते. नकाशाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "पोरी, समुद्राच्या काठावर जन्म गेला माझा, पण मला पोहता येत नाही. तिथं नेऊन माझं काय करणार?"

"आप्पा, आधी ऐकून तर घ्या," ती म्हणाली. मग चहा झाला आणि सगळ्यांनी मिळून बेत आखायला घेतला. त्या दिवशी आणि नंतरच्या चौकशीत जे कळले, ते वाचक बंधू-भगिनींसाठी येथे देत आहे. "हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय त्याचे?" असे कुणी म्हणेल. पण आपली मुले आता शिकली, कमावती झाली. त्यांनी परदेशी सहलीला जायचे ठरवले, तर त्यांना नीट माहिती मिळावी, एवढाच हेतू आहे.

खेळ कसा आहे?

एक लांब, रुंद, तरंगणारी फळी असते. तिच्या मध्यावर सर्व बाजूंना वळणाऱ्या सांध्यावर डोलकाठी बसवलेली असते आणि डोलकाठीला शीड असते. शिडाला आडवा दांडा असतो. तो दोन्ही हातांनी धरून फळीवर उभे राहायचे. होडीला असते तसे सुकाणू येथे नसते. शीड पुढे कलवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याच्या दिशेकडे वळते. वारा समोरून येत असेल तर सरळ त्याच्यावर जाता येत नाही, तिरपे-तिरपे वळणे घेत जावे लागते. कोकणातल्या शिडाच्या होड्यांवर काम केलेल्या जुन्या माणसांना हे सांगावे लागणार नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी या साधनाला आजचे रूप दिले. त्यांना १९७० साली पेटंट मिळाले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून महिलांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. यात दांडगी ताकद लागते असा समज आहे, तो खरा नाही. शिकाऊ माणसाला मोठी, स्थिर फळी आणि लहान शीड देतात. ताकदीपेक्षा तोल महत्त्वाचा. पहिले दोन दिवस मात्र फळीवर कमी आणि पाण्यात जास्त जातात, हे आधीच मनाशी धरून ठेवावे.

महिना वाऱ्याला विचारून ठरवावा

आपण सहलीची तारीख शाळेची सुट्टी आणि तिकिटाचा दर पाहून ठरवतो. या सहलीत पहिला विचार वाऱ्याचा करावा लागतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट आहेत. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा असतो. मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. जून ते सप्टेंबरमध्ये ते सर्वांत जोरदार असतात.

येथेच नवखे लोक चुकतात. "भरपूर वारा" असे वाचून ते ऑगस्टमधली तिकिटे काढतात. तरबेज खेळाडूला तो वारा हवाच असतो. पण शिकणाऱ्याला ताशी पंधरा ते बावीस किलोमीटरचा वारा पुरे. ऑगस्टमध्ये तिथे वाऱ्याचा वेग अनेकदा याच्या दुप्पट होतो. अशा वाऱ्यात शीड उचलणेसुद्धा जमत नाही, आणि पैसे भरून किनाऱ्यावर बसावे लागते. म्हणून शिकाऊ कुटुंबाला आपली मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी बरी. तेव्हा वारा मध्यम असतो आणि पाणीही फार गार नसते. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने आहेत, ते टाळावेत. दहा दिवसांपैकी दोन-तीन दिवस वारा पडणार, हेही गृहीत धरावे.

किनारा कोणता?

मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आत शांत, उथळ पाणी राहते. या पाण्याला लगून म्हणतात. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, तिथे तो मीटरभरही नसतो. त्यामुळे शिकण्यासाठी ही जागा चांगली.

विंडसर्फिंगसाठी सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे नैर्ऋत्य टोकावरचे ल मॉर्न. लगुनच्या उथळ भागात शिकणारे असतात आणि प्रवाळाच्या भिंतीपलीकडे 'वन आय' नावाची लाट आहे. ती जगभरच्या कसलेल्या खेळाडूंची आहे. तिच्याखाली धारदार प्रवाळ आहे. आपण तिच्याकडे किनाऱ्यावरूनच पाहावे. प्रवाळाच्या भिंतीला जिथे खिंड असते, तिथून लगुनचे पाणी जोराने बाहेर ओढले जाते. पहिल्याच दिवशी शिक्षकाला विचारावे, "खिंड कुठे आहे आणि आम्ही कुठपर्यंत जायचे?" उत्तर बोट दाखवून घ्यावे.

दुसरी परीक्षा आपली आपण करायची. समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. वारा पाठीवर लागत असेल तर तो आपल्याला खुल्या समुद्रात नेणारा आहे, पाण्यात उतरू नये. वारा कानावरून, बाजूने जात असेल तर उत्तम. डोंगराच्या आडोशाला वारा झटक्या-झटक्याने येतो, तीही जागा नवख्याने टाळावी. आणि काहीही झाले तरी फळी सोडायची नाही. शीड पाण्यात पडू द्यावे, फळीवर पालथे पडावे आणि हात हलवून मदत मागावी. फळी तरंगते, दमलेला माणूस तरंगत नाही.

आधी पोहणे

येथे दादांचा प्रश्न पुन्हा आला. लाईफजॅकेट घातले की पोहायला येण्याची गरज नाही, असे काही जण सांगतात. ते ऐकू नये. निदान पन्नास मीटर पोहता यावे आणि तोंडावर पाणी आले तर घाबरू नये, एवढी तयारी घरूनच करून जावी.

पण आमच्या पिढीला पोहता का येत नाही? आमच्या गावात मुले पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. ती विहीर आमची नव्हती. तिच्या पायऱ्यांवर पाय ठेवायची आम्हाला मुभा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण गावोगावच्या विहिरींपर्यंत तो दिवस पोहोचायला फार वर्षे लागली. दादांना पाण्याची भीती आहे असे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. त्या रविवारी ते प्रथमच म्हणाले, "भीती नव्हती रे. शिकायला पाणीच नव्हतं." पुतणी काही बोलली नाही. तिने कागदावर पहिल्या ओळीत लिहिले, 'पोहण्याचा वर्ग.'

खर्चाची बाजू

मुंबईहून मॉरिशसला थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. सर्वांत मोठा खर्च तिकिटाचा, म्हणून ते चार-पाच महिने आधी काढावे. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकांना तिथे उतरल्यावर विनाशुल्क व्हिसा मिळतो. मात्र परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत.

ल मॉर्नची समुद्राकाठची मोठी हॉटेले आपल्या खिशाला परवडणारी नाहीत. पण जवळच्या ला गोलेत या गावात स्वयंपाकघरासह खोल्या भाड्याने मिळतात. तिथले किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलात न राहणाऱ्यालाही वाळूवर बसण्याचा हक्क आहे. फळी, शीड विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे. शिकवणी, साधनांचे भाडे आणि साधन मोडल्यास कोण भरणार, हे तिन्ही आधी लिहून घ्यावे. साध्या प्रवास विम्यात अशा खेळातली दुखापत अनेकदा धरलेली नसते, तेव्हा ते कलम वाचूनच सही करावी. प्रवाळ आणि काटेरी जीवांपासून पाय वाचवायला रबरी बूट, उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा सदरा आणि टोपी एवढे सामान पुरे. खाण्याची चिंता नको. तिथल्या रस्त्यावर डाळपुरी मिळते, तिला ते 'धोल पुरी' म्हणतात.

तो डोंगर

वारा नसलेल्या दिवशी काय करायचे? ल मॉर्नचा ५५६ मीटर उंचीचा डोंगर आपण ज्या पाण्यात शिकणार, त्याच्या अगदी डोक्यावर उभा आहे. मादागास्कर, मोझांबिक आणि इतर ठिकाणांहून माणसे धरून आणून या बेटावर गुलाम म्हणून विकली जात. त्यांच्यातले जे मळ्यांतून पळाले, त्यांनी या डोंगराच्या कडेकपारीत आसरा घेतला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. लोककथा अशी की सुटकेची बातमी सांगायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा वरच्या माणसांना वाटले, आपल्याला धरायलाच आले. आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली. १ फेब्रुवारी ही त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

राजधानी पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून करारबद्ध मजुरांची तुकडी आली, तिथून ही रीघ सुरू झाली. पुढे लाखो भारतीय मजूर ऊसमळ्यांसाठी आले. त्यांतले काही मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात आणि तिथल्या शाळांत मराठी शिकता येते. हे ऐकून दादा खुर्चीत सरसावून बसले. गोदीतून कोणता माल कुठे गेला हे त्यांना तोंडपाठ. पण माणसेही अशी भरून गेली होती, हे त्यांनी प्रथमच ऐकले. "तो घाट मला बघायचाय," ते म्हणाले.

शेवटी क्रम असा ठरला : आधी पासपोर्ट, मग चार महिने पोहणे, मग तिकिटे. तारीख दिवाळीच्या सुट्टीतली. दादा फळीवर उभे राहणार नाहीत. पण लगुनच्या कमरेइतक्या पाण्यात नातवाच्या फळीजवळ उभे राहणार, आणि त्यासाठी पोहणे शिकणार. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डॉक्टरांना विचारून त्यांनी पालिकेच्या तलावावर सकाळच्या वर्गात नाव घातले आहे.

परवा मी विचारले, "दादा, कुठवर आलं?"

म्हणाले, "कठड्यावरचा हात अजून सुटत नाही. पण काल डोकं पाण्याखाली घातलं."