आरसाविरहित कॅमेरा व विमान-छायाचित्रण
एकभिंगी परावर्ती अंकीय कॅमेऱ्यात (डीएसएलआर) प्रकाश आरशावरून नेत्रिकेत जातो. छायाचित्र घेताना आरसा उचलला जाऊन विमान क्षणभर दिसेनासे होते. २००८ पासून प्रचारात आलेल्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत संवेदकावरील प्रतिमाच नेत्रिकेतील पडद्यावर दिसते. त्यामुळे उद्‌भासन आधीच पारखता येते. मात्र त्यांतील इलेक्ट्रॉनिक शटर जपून वापरावे लागते. बहुतेक संवेदक ओळीओळीने वाचले जातात. तेवढ्या अवधीत पंख्याची पाती पुढे सरकतात व चित्रात वाकडी उमटतात. जेट विमानांत ही अडचण सहसा जाणवत नाही. यांत्रिक शटरने सुमारे १/१२५ सेकंद उद्‌भासन दिल्यास वाकडेपणा बराच कमी होतो आणि पाती अस्पष्ट होऊन फिरती भासतात. सोनीच्या २०२३ मधील एका कॅमेऱ्यात संपूर्ण संवेदक एकाच वेळी उद्‌भासित होत असल्याने हा दोष उद्‌भवत नाही.