काठी बोलते, वाट बोलत नाही

एखाद्याला हूल देऊन भलत्याच दिशेला पिटाळलं की आपण म्हणतो, त्याला कात्रजचा घाट दाखवला. त्यामागची आख्यायिका शाळकरी पोरांनाही पाठ असते. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटून शिवराय निसटले. पाठलागावरच्या फौजेला कात्रजच्या डोंगरात पलित्यांचा उजेड दिसला आणि ती तिकडे धावली. जवळ जाऊन पाहते तो पलिते बैलांच्या शिंगांना बांधलेले! महाराज केव्हाच सिंहगडाच्या वाटेला लागले होते.

हल्ली मोबाइलवर निराळा उजेड चमकतो. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती, कानांवर हेडफोन. इंग्लंडमधल्या शेतात माणूस चकती फिरवत चालतो, यंत्र टूं करतं, ढेकूळ फुटतं, तळहातावर नाणं येतं. मिनिटभरात हजार वर्षं! आमच्या सोसायटीतल्या एका पोराने असे व्हिडिओ पाहून मला विचारलं, ‘‘काका, हे मशीन आपल्या जुन्या घाटात फिरवलं तर?’’ हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

आधी यंत्राविषयी. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह वाहतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातू असेल तर त्यात सूक्ष्म प्रवाह उठतात, ते परत चकतीला जाणवतात आणि आवाज होतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचं उपकरण वापरलं होतं. गोळी काही सापडली नाही.

आपल्या घाटात या यंत्राची आणखी पंचाईत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातच लोहखनिज असतं, त्यामुळे जमीन स्वतःच कुरकुरते. त्यात ही जुनी वाहती वाट. गाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, बैलाच्या खुराची पत्री, घोड्याचा नाल आणि सर्वांत वरच्या थरात बाटल्यांची बुचं. यंत्र सगळ्यांनाच दाद देणार.

जमिनीतलं धन शोधण्याचा नाद आपल्याकडे यंत्राच्या फार आधीपासूनचा. सराफकट्ट्यावरची माती पाण्यात खळखळून सोन्याचा कण वेगळा काढणारे झारेकरी, हा त्यातला कष्टाचा आणि सचोटीचा धंदा. दुसऱ्या टोकाला गुप्तधनाचं वेड : हंड्यावर बसलेला नाग, पायाळू माणसाच्या डोळ्यांत घातलेलं अंजन. हे वेड किती काळं होऊ शकतं ते १९७२ ते १९७४ या काळातल्या मानवतच्या हत्याकांडाने महाराष्ट्राला दाखवलं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला.

मार्च २०२५ मध्ये जुनं वेड आणि नवं यंत्र एकत्र आलं. ‘छावा’ हा चित्रपट आदल्याच महिन्यात झळकला होता. १६८१ मध्ये मराठ्यांनी लुटलेल्या बऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत मोगली मोहरा पुरल्या आहेत अशी आवई उठली. रात्री माणसं टॉर्च, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रं घेऊन दुसऱ्यांच्या शेतांत उतरली आणि त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. अंधारात हलणारे ते दिवे पाहताना मला बैलांची शिंगंच आठवली.

पण खरोखरच काही सापडलं तर? १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीत चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. १३,२५० च्या वर नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांची खूण! पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाने क्षहरातांचा निःपात केल्याचं सांगते, त्याचा हा चांदीतला पुरावा. साठ्यात तिसऱ्या कोणाचं नाणं नसल्यामुळे सत्ता नहपानाकडून थेट गौतमीपुत्राकडे गेली, असं अभ्यासकांना म्हणता आलं. हीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर प्रत्येक नाणं खरंच राहिलं असतं, पण ‘तिसरं कोणी नाही’ हे सांगायला कोणी उरलं नसतं.

एकदा आठवडी बाजारात पथारीवरून मी एक शिवराई उचलली होती. बोटाच्या पेराएवढं, जाडसर तांबं, कडा झिजलेल्या, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ची उरलेली अक्षरं. ‘‘कुठली हो?’’ मी विचारलं. ‘‘जुनी आहे साहेब,’’ विक्रेता म्हणाला. कुठली याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं आणि नाण्याकडेही.

हा ‘कुठे’ कायद्यालाही महत्त्वाचा वाटतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन जमिनीत सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय सापडलं, कुठे आणि केव्हा. मालक सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळू शकतो. सरकारला हवं असेल तर ते किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन विकत घेतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ सुवर्णनाणी जप्त केली. ती चिखलीतल्या बांधकामाच्या जागी सापडली होती आणि कोणाला न कळवता ठेवली होती. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर परवान्याशिवाय उत्खननच करता येत नाही.

इंग्लंडमधले ते व्हिडिओ ज्या व्यवस्थेवर उभे आहेत तीही ‘कुठे’ याच प्रश्नावर चालते. शेतमालकाची परवानगी लागते, आणि १९९७ पासून तिथे हौशी शोधकांच्या वस्तूंची जागेसकट नोंद घेणारी योजना आहे. तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. व्हिडिओत नाणं दिसतं, नोंदवही दिसत नाही.

शेवटी त्या पोराला घेऊन मी कात्रजच्या तलावावर गेलो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमाराला आंबिल ओढ्यावर बांध घालून हे पाणी अडवलं आणि जमिनीखालच्या बांधीव नळातून, केवळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत नेलं. वाटेत हवेसाठी आणि साफसफाईसाठी उच्छ्वास, आणि पेठांतून पाणी भरायला हौद. आज त्यातला बराचसा भाग रस्ते, इमारती आणि गटारांखाली दडलेला आहे.

‘‘यावर मशीन वाजेल?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही. हा दगड-चुन्याचा आहे.’’

तो थोडा हिरमुसला. मग बांधापासून शहराकडे बोट रोखत त्याने विचारलं, ‘‘मग कुठून कुठून जातो हा?’’

दोन तास झाले तरी मी त्याला यंत्र घे किंवा घेऊ नको, यांपैकी काहीच सांगितलं नव्हतं. आता गरजही वाटली नाही. आम्ही स्वारगेटच्या दिशेने चालायला लागलो.