टॅटूचा इंच केवढा असतो?

टॅटू स्टुडिओत फोन करून ‘एक टॅटू केवढ्याला पडेल?’ असं विचारलं, की आकडा मिळत नाही. उलट तीन प्रश्न येतात. साइज केवढी, कुठे काढायचाय, डिझाइन पाठवता का? विचारणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक जोखून भाव सांगणार. तसेही स्टुडिओ असतात. पण या तीन उत्तरांशिवाय सरळमार्गी माणसालाही भाव सांगता येत नाही.

पुण्या-मुंबईत छोट्या आणि मध्यम टॅटूचा दर सहसा इंचावर सांगतात. काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत, नावाजलेल्या आर्टिस्टचा त्याहूनही जास्त. पहिला घोटाळा इथेच होतो, कारण हा इंच म्हणजे चौरस इंच. समजा, दर ८०० रुपये आहे. दोन इंच लांब आणि दोन इंच रुंद चित्र म्हणजे ४ चौरस इंच, ३,२०० रुपये. ‘जरा मोठं करू, चार इंचाचं’ म्हटलं की लांबीही दुप्पट झाली आणि रुंदीही: १६ चौरस इंच, १२,८०० रुपये. मनात साडेसहा हजार धरून आलेल्याचा चेहरा तिथे उतरतो. माप घेताना चित्राभोवती चौकोन कल्पून लांबी-रुंदी धरतात. त्यामुळे हातावर तिरकं गेलेलं एखादं बारीक मोरपीस बरीच कोरी कातडी अडवून बसतं. त्या कोऱ्या जागेचे पैसे धरलेत का, हे विचारायला लाजू नये. पूर्ण हात किंवा पाठ असं मोठं काम असेल, तर इंचाचा हिशोब बाजूला ठेवून तासावर किंवा सिटिंगवर दर ठरतो.

मग नखाएवढ्या बदामालाही दीड-दोन हजार का मागतात? इंचाच्या हिशोबाने दोनशेसुद्धा होत नाहीत. याचं उत्तर सुई लागायच्या आधीच्या अर्ध्या तासात आहे. टेबलाला आणि खुर्चीच्या हाताला प्लास्टिकची फिल्म गुंडाळली जाते. मशीनवर आणि तिच्या वायरवर पातळ पिशवी चढते. नवा रेझर फोडून त्या जागेवरची लव काढतात, कातडी पुसून घेतात आणि जांभळ्या रेघांचा स्टेन्सिल उमटवतात. तो नीट वाळेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर काम करताना पुसला जातो. शाई बाटलीतून करंगळीच्या टोकाएवढ्या कपात काढतात. शेवटी सुईचं सीलबंद कार्ट्रिज गिऱ्हाइकासमोर फोडायचं. पाकिटावर एक्स्पायरीची तारीख असते आणि ‘३ आरएल’ असं काहीतरी छापलेलं असतं: तीन सुया गोल जुळवलेल्या, रेघेसाठी. शेडिंगला पसरट रांगेतल्या सुया लागतात, त्यांना मॅग्नम म्हणतात. काम संपलं की सुया आणि रेझर सुयांच्या डब्यात जातात, आणि हातमोजे, कप, फिल्म कचऱ्यात. कपात उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नसते, तीही टाकायचीच. बदाम काढा नाहीतर वाघ, ही तयारी आणि टाकून द्यायचा बराचसा माल तोच. म्हणून प्रत्येक स्टुडिओचा एक ‘मिनिमम’ असतो. दोन मैत्रिणी सारखाच टॅटू काढायला आल्या आणि ‘एकाच सुईत दोघींचं उरका, थोडं कमी करा’ म्हणाल्या, तर होकार देणाऱ्या स्टुडिओतून दोघींनी लगेच बाहेर पडावं.

या मालाच्या पुढे पैसे जातात ते हाताला. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी १८९१ मध्ये घेतलं. एडिसनच्या विजेच्या पेनावरून ती कल्पना आली होती. तेव्हापासून मशीन खूप सुधारली, हलकी झाली, पण सुई किती खोल जाऊ द्यायची हे आजही माणसाचं बोटच ठरवतं. शाई साधारण एक ते दोन मिलिमीटरवर, कातडीच्या दुसऱ्या थरात बसली पाहिजे. वर राहिली तर वरच्या थराबरोबर काही आठवड्यांत निघून जाते. खोल गेली तर रेघेच्या कडेला निळसर डाग फुटतो, आणि तो परत आत ढकलता येत नाही. त्यात कातडी ताणलेली धरायची, रक्त आणि शाई पुसत राहायचं, समोरचा माणूस मध्येच हलतो ते सांभाळायचं.

म्हणून ९ चौरस इंचाचे दोन टॅटू एका भावात बसत नाहीत. ठसठशीत काळी नक्षी दीड-दोन तासांत होते. त्याच जागेत शिवाजी महाराजांचा चेहरा काढायचा, तर गालाची सावली, दाढीचे केस, जिरेटोपाखालचा मोत्यांचा तुरा, असे काळ्या-करड्याचे थर एकावर एक चढवावे लागतात आणि अख्खा दिवस जातो. डोळा एक मिलिमीटर सरकला तर चेहरा दुसऱ्याच कुणाचा होतो. पोर्ट्रेट करणारे आर्टिस्ट मोजके असतात आणि त्यांचा दर वेगळा असतो, तो असायलाच हवा. पोर्ट्रेट स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याच्या फोनमधली, जखम भरल्यानंतरची जुनी कामं पाहावीत. ताज्या टॅटूचा फोटो कुणाचाही चांगला येतो.

अक्षरांचं काम सोपं समजतात, तसं ते नाही. देवनागरीत शिरोरेषा असते, आणि मनगटाच्या गोलाईवर ती सरळ दिसेल अशी बसवणं ही कारागिरी आहे. शिवाय शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी पसरत जाते. अर्ध्या इंचात ‘बाबा’ लिहून घेतलं, तर ‘ब’च्या पोटातली जागा बुजते आणि काही वर्षांनी दोन काळे ठिपके आणि दोन काने एवढंच उरतं. जाणकार आर्टिस्ट ‘अक्षर एवढं तरी मोठं घ्या’ म्हणतो, तेव्हा तो बिल वाढवतोय असं लगेच समजू नये. वेलांटी पहिली की दुसरी, हे मात्र स्टेन्सिल उमटल्यावर आपणच पाहायचं. बऱ्याच आर्टिस्टना मराठी येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचंही शुद्धलेखन आपल्याइतकंच.

रंगीत काम महाग पडतं ते रंग महाग म्हणून नव्हे, वेळ लागतो म्हणून. प्रत्येक रंग वेगळा भरायचा, मध्ये सुई धुवायची किंवा बदलायची, आणि भरीव रंग एका फेरीत बसत नाही. आपल्याकडे यात आणखी एक मुद्दा आहे. शाई खालच्या थरात आणि कातडीचा आपला रंग तिच्या वरच्या थरात, त्यामुळे सगळे रंग चहाच्या रंगाच्या काचेतून पाहिल्यासारखे दिसतात. सावळ्या हातावर पिवळा आणि पांढरा पार मंदावतो, काळा आणि गडद लाल टिकून दिसतो. ज्या रंगाचे जादा पैसे देणार, तो आपल्या कातडीवर दिसणार आहे का, हे आधी विचारलेलं बरं.

जागेचंही तसंच. दंड किंवा हाताची बाहेरची बाजू सोयीची. बरगड्यांवर कातडी श्वासाबरोबर हलते आणि दुखतंही फार, म्हणून तेवढ्याच कामाला जास्त वेळ लागतो. बोटांवरचा टॅटू तर लवकर पुसट होतो, कारण ती कातडी सतत घासते, धुतली जाते. एरवी पहिला टच-अप फुकट देणारे स्टुडिओही बोटांची हमी देत नाहीत. दर ठरवताना टच-अप, बधिर करणारं क्रीम आणि जीएसटी धरलाय की वेगळा, हे एकदम विचारून घ्यावं. खास आपल्यासाठी डिझाइन करून घेतलं तर त्याचा अ‍ॅडव्हान्स सहसा परत मिळत नाही, आणि त्यात गैर काही नाही. चित्र काढून झालेलं असतं.

जत्रेत हाच टॅटू शंभर-दोनशे रुपयांत कसा होतो? वर सांगितलेली अर्ध्या तासाची तयारी वजा केली की तेवढाच खर्च उरतो. रांगेतल्या सगळ्यांना तीच सुई, तोच शाईचा कप. हिपॅटायटिस बी आणि सी अशाच सुईतून एका अंगातून दुसऱ्या अंगात जातात. घासाघीस करायचीच तर चित्रावर करावी. एक रंग कमी करा, मागची ढगांची शेडिंग काढून टाका. ५ बाय ४ चं चित्र ४ बाय ३ केलं तर २० चौरस इंचांचे १२ होतात, आणि आर्टिस्टचं मनही दुखत नाही.

फसलेल्या टॅटूचा खर्च मात्र कुणी आधी धरत नाही. कव्हर-अपमध्ये जुनं चित्र झाकायला नवं त्याहून बरंच मोठं आणि गडद लागतं, म्हणजे चौरस इंच पुन्हा वाढले. लेझरने काढायचा, तर लेझर फक्त शाईचे कण फोडतो. ते वाहून न्यायचं काम शरीरातल्या पेशी सावकाश करतात, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहसा सहा ते आठ आठवडे सोडतात. सिटिंग बहुधा अनेक लागतात आणि प्रत्येकीचं बिल वेगळं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी आणि निळी चिवट. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे उशिरा कळतं. तिथे सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढ्याच ठिकाणी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरागत गोंदणाची सवलत आहे. दंडावर वाघ काढून बसलेला मुलगा भरतीची जाहिरात आल्यावर लेझरकडे धावतो, आणि दोन महिन्यांत दंड कोरा करून मागतो. तेवढ्यात जेमतेम दोन सिटिंग होतात.